फवारणीच्या भीतीने मुलीच्या ताटातली भाजीच कमी झालीय

प्रश्न : ठाणे जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव अर्थातच देत नाही. घरात नवरा, सासूबाई आणि साडेतीन वर्षांची मुलगी. वर्षभरापूर्वी फॅमिली ग्रुपवर 'सगळ्यात विषारी १२ फळं-भाज्या' अशी लिस्ट आली आणि तेव्हापासून यांनी द्राक्षं, सफरचंद, पालक, ढोबळी मिरची, टोमॅटो असं एकेक बंद करत आणलं. जे घेतात ते ऑनलाइन ऑरगॅनिक, बाजाराच्या जवळपास तिप्पट भावाने, त्यामुळे येतंच कमी. मुलगी आता बटाटा, केळं, वरणभात आणि बिस्किटं एवढ्यावर आलीय. सासूबाई म्हणतात, "आम्ही साध्या पाण्याने धुवून खाल्लं, काय झालं आम्हाला?" त्यावरून रोज खटके. नवरा भाजी साफ करायचं महागडं मशीन घ्यायच्या विचारात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दीर निफाडकडे द्राक्षबागायतदार आहेत, सीझनला ते हौसेने पेटी पाठवतात आणि ताई ती पेटी घरकामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकतात. हे दिरांना कळलंय आणि ते दुखावलेत. ताई विचारतात, "मी चुकतेय का? आणि तिला नक्की खायला काय देऊ?"

उत्तर :

ताई, फवारणीची काळजी वाटणं यात चूक काहीच नाही, लहान मूल घरात असताना तर नाहीच. पण ती काळजी जिथे लावायला हवी तिथे न लागता भलतीकडे लागलीय असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती लिस्ट. ती अमेरिकेतली आहे. तिथली एक संस्था तिथल्या सरकारी तपासणीचे आकडे घेऊन दरवर्षी अशी यादी काढते, स्ट्रॉबेरी आणि पालक त्यात नेहमी वर असतात. तिथला पालक कुठे पिकतो, त्यावर काय मारतात, याचा कल्याणच्या किंवा वाशीच्या मार्केटमध्ये येणाऱ्या पालकाशी काय संबंध? आणि ती यादी अवशेष किती वेळा, किती प्रकारचे आणि किती सापडले अशा गोष्टींवर बनते, ते ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर होते का यावर नाही. हा फरक फॉरवर्ड करणारे कधीच सांगत नाहीत.

आपल्याकडे केंद्र सरकारची कीडनाशक अवशेष तपासायची देशभराची एक योजना आहे, त्यातले २०१४-१५ चे आकडे बघा. त्या वर्षी २०,६१८ नमुने तपासले, १८.७ टक्क्यांत अवशेष सापडले आणि मर्यादेच्या वर निघाले ५४३, म्हणजे २.६ टक्के. हे वाचून हुश्श करावंसं वाटेल, पण त्याच तपासणीत १२.५ टक्के नमुन्यांत परवानगीच नसलेल्या कीडनाशकांचे अवशेष होते, आणि मला खरी काळजी या आकड्याची वाटते, कारण त्याचा अर्थ काय मारायचं हे बऱ्याच शेतकऱ्यांना नीट कोणी सांगतच नाही, दुकानदार जी बाटली देईल ती फवारली जाते. म्हणजे सासूबाईंचं "काही होत नाही" हेही पूर्ण बरोबर नाही आणि लिस्टमधलं "सगळं विष आहे" हेही नाही.

मर्यादा म्हणजे काय तेही थोडक्यात सांगते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या डोसला काहीच परिणाम दिसत नाही तो घेतात आणि साधारण १०० ने भागतात, तेवढं माणसाने रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालावं असा हिशोब. पिकावरची कमाल मर्यादा त्याहून वेगळी असते, औषध सांगितल्याप्रमाणे वापरलं तर काढणीला जास्तीत जास्त किती उरेल त्यावरून ती ठरते आणि मग वरच्या हिशोबाशी ताडून बघतात. त्यामुळे एखाद्या वांग्यात मर्यादा ओलांडली म्हणजे ते खाऊन लगेच काही होईल असं नाही, शेतात काहीतरी चुकीचं झालं एवढं मात्र नक्की कळतं. हां, ही मर्यादा एकेका औषधाची असते आणि आपल्या ताटात चार औषधांचे थोडे थोडे अंश एकत्र येतात, मुलांचं वजन कमी असतं, ती किलोमागे आपल्यापेक्षा जास्त खातात. गरोदरपणी आणि लहान वयात काही कीडनाशकांचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो या काळजीपोटी युरोपने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस या कीडनाशकाची परवानगी काढून घेतली, आपल्याकडे ते अजून वापरात आहे. म्हणून म्हणते, काळजी घ्याच. फक्त भाजी बंद करणं ही काळजी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते आणि तुमची मुलगी बटाटा-बिस्किटावर आलीय, आत्ता या घडीला तिचं जे नुकसान होतंय ते हे आहे, आणि ते नक्की होतंय.

आता मुख्य गोष्ट. भाजी घेताना आपण नाव बघतो, पालक वाईट, भोपळा चांगला वगैरे, पण अवशेष खरं तर दिवसांवर ठरतात. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं, शेतकरी त्याला पीएचआय म्हणतात. ऊन, वारा, वाढ यात औषध हळूहळू मोडतं, तेवढे दिवस दिले तर उरतं ते मर्यादेच्या आत. आता भेंडीचं बघा. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. आणि भेंडीवर अळीसाठी मारतात त्या इमामेक्टिन बेन्झोएटचा पीएचआय आहे ५ दिवस. शेतकऱ्याने करायचं काय, दोन तोडे फेकून द्यायचे? भाव चांगला असेल तर कोण फेकेल? वांगी, हिरवी मिरची, टोमॅटो, काकडी, ढोबळी, गवार, सगळ्यांचं हेच, तोडा आणि फवारणी एकमेकांत गुंतलेले. वांग्याला तर शेंडे आणि फळ पोखरणारी अळी लागते, ती एकदा आत शिरली की बाहेरून मारून काही होत नाही, म्हणून शिरायच्या आधीच मारत राहतात. याउलट लाल भोपळा, कांदा, बटाटा, सुरण, रताळी, कलिंगड ही एकदाच किंवा मोजक्या वेळा काढायची पिकं, त्यात आपोआप दिवस मिळतात, वर जाड साल. शेवगा, केळफूल, कच्ची पपई, फणस, अळू यांनाही त्यामानाने फवारणी कमीच लागते.

म्हणून नाव बघून बंद करण्यापेक्षा आठवड्याची विभागणी करा. सतत तोडायच्या भाज्या आठवड्यातून दोन-तीनदा, पण तीच तीच नको, आज भेंडी तर पुढे काकडी, म्हणजे एकाच औषधाचा अंश रोज जायला नको. बाकीचे दिवस भोपळा, दुधी, शेवगा, सुरण, गाजर-मुळा (साल काढून), कोबीची वरची तीन-चार पानं काढून टाकून. पावसाळ्यात तर रानभाज्यांची चैन असते, टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली, यांना कोण फवारायला जाणार, जंगलातून आदिवासी बायका आणून विकतात त्या घ्या. फक्त ओळख पटलेल्याच घ्या आणि कशा शिजवायच्या ते त्यांनाच विचारा, शेवळं-अळूसारख्या भाज्या नीट आंबट घालून केल्या नाहीत तर घशाला खाज सुटते. हंगामाचंही तसंच, थंडीत फ्लॉवर, मटार, पालक घ्या, उन्हाळ्यातल्या फ्लॉवरच्या मागे लागू नका. अवेळी पीक काढायचं म्हणजे कीड-रोग जास्त आणि फवारे जास्त.

फळांत साल काढून खायची ती निर्धास्त द्या, केळी, संत्री, मोसंबी, डाळिंब, पपई, सीताफळ, कलिंगड, नारळ. डाळिंबावर फवारणी बरीच असते पण आपण दाणे खातो. पेरू फोमची जाळी आणि पिशवी घालून वाढवलेला मिळतो, फळमाशीपासून वाचवायला तसं झाकतात, तो मिळाला तर तोच घ्या.

कोथिंबीर आणि कढीपत्ता याबद्दल मात्र वेगळं सांगते, कारण त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. भारतातून जाणारा कढीपत्ता आणि भेंडी युरोपने अवशेषांच्या कारणावरून जादा तपासणीच्या यादीत टाकलेत. आपण कोथिंबीर तर कच्चीच वरून भुरभुरतो. कोथिंबीर आणि कढीपत्ता दोन्ही गॅलरीतल्या कुंडीत येतात, मुलीला धने पेरायला लावा, तिने लावलेलं ती खाईलही.

धुण्याबद्दल. ते महागडं मशीन घेऊ नका. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने बाजारातली भाजी धुवायची लिक्विडं आणि नळाचं पाणी यांची तुलना केली होती, लिक्विडं पाण्याहून सरस ठरली नाहीत. वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट हाताने चोळून धुणं हेच मुख्य. म्हणजे सासूबाई जे करतायत ते बरोबरच आहे, हे त्यांना सांगा, त्यांना बरं वाटेल आणि खटकेही थोडे कमी होतील. त्याला जोड द्यायची तर खायचा सोडा. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला, एक टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर वर लावलेल्या थायबेंडाझोल या बुरशीनाशकाचे ८० टक्के आणि फॉस्मेट या कीटकनाशकाचे ९६ टक्के अवशेष गेले. एक टक्का म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण दोन छोटे चमचे. उरलेलं थायबेंडाझोल सालीच्या आत शिरलेलं होतं, ते धुवून जाणार नव्हतंच, आणि हीच धुण्याची मर्यादा आहे. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात फिरतात, ती मिठाने, व्हिनेगरने, कोमट पाण्याने, ओझोनने, कशानेही वरून निघत नाहीत. त्यांच्यासाठी उपाय दिवसांचाच. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात वापरू नका, फळाची साल ते शोषून घेते. आणि चिरून मग धुवू नका, आधी धुवा मग चिरा. भाजी शिजवताना, पालक उकळत्या पाण्यातून काढताना आणखी काही अंश कमी होतात. तासभर भिजत घालायची काहीच गरज नाही, त्यात तुमचाच वेळ आणि भाजीचाही सत्त्व जातो.

भोकं पडलेली, अळी असलेली भाजी म्हणजे बिनफवारणीची असंही काही नसतं बरं का, अळी दिसली म्हणूनच काल जोरात फवारणी झालेली असू शकते. तसंच कार्बाईडने पिकवलेला आंबा हा वेगळा विषय आहे, तो कीडनाशकाचा नाही. कार्बाईडवर बंदी आहे, इथिलीन गॅसने पिकवायला परवानगी आहे. आणि नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीचा धोका जंतूंचा आणि जड धातूंचा असतो, तिथे सोडा पुरणार नाही, ती भाजी घेऊच नका.

ऑरगॅनिक घ्यायला माझा विरोध नाही, पण 'नॅचरल', 'फार्म फ्रेश', 'विषमुक्त' या शब्दांचा अर्थ ऑरगॅनिक असा होत नाही. पॅकेटवर जैविक भारतचा, म्हणजे ऑरगॅनिकचा सरकारी लोगो आणि सर्टिफिकेशनचा तपशील आहे का बघा. २०१७ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि ग्राहकाला थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सर्टिफिकेटमधून सूट आहे, फक्त त्याला लोगो वापरता येत नाही. म्हणजे लोगो नाही म्हणून तो खोटारडा असंही नाही, तिथे ओळख आणि विचारपूस लागते. 'रेसिड्यू फ्री' म्हणजे ऑरगॅनिक नव्हे, त्यात रासायनिक औषधं वापरलेली असतात पण दिवस पाळून अवशेष अगदी खाली आणलेले असतात असा तो दावा आहे, रिपोर्ट मागा, देत असतील तर चांगलाच माल आहे. तुमचं बजेट तिप्पट भावाने सगळं घेण्याएवढं नसेल तर मुलगी जे कच्चं, सालीसकट आणि वारंवार खाते तेवढंच ऑरगॅनिक घ्या, काकडी, टोमॅटो, पालक, स्ट्रॉबेरी असं. कांदा-बटाट्यावर ते पैसे घालवू नका. वाचलेल्या पैशात भाजीचं प्रमाण वाढवा.

आणि आता पेटी. ताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने विचारते. ती द्राक्षं तुमच्या मुलीला चालत नाहीत असं तुम्हाला खरंच वाटतं, तर मावशींच्या घरच्या मुलांना ती कशी चालतात? तुम्ही वाईट हेतूने दिली नाहीत हे मला कळतं, फेकायला जीव झाला नसेल. पण अशी वस्तू पुढे द्यायची तर खायला हरकत नाही याची आपली खात्री हवी, आणि ती नसेल तर करून घ्यायला हवी. तुमच्या बाबतीत ती करून घेणं एका फोनवर आहे. मुंबईतल्या लाखो बायकांना आपली द्राक्षं कोणी पिकवली हे कधीच कळत नाही, तुम्हाला तो माणूस भाऊजी म्हणून माहीत आहे.

द्राक्षाचं थोडं सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर माल यायला साधारण चार महिने लागतात. डावणी या बुरशीरोगाच्या फवारण्या मुख्यतः सुरुवातीच्या, पावसा-दवाच्या दिवसांत होतात, भुरी (हाही बुरशीरोगच) किंवा मिलीबग ही कीड आली तर काढणीच्या जवळही माराव्या लागतात, आणि प्रश्न या शेवटच्यांचा असतो. मण्यांवर जी पांढरट लव दिसते ती मुळात मण्याचं स्वतःचं मेण आहे, तिला घाबरू नका. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ आवरायचं औषध, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात, त्याचे अवशेष मर्यादेच्या वर निघाले म्हणून. नाशिकच्या बागायतदारांना तो फटका फार मोठा बसला आणि त्यानंतर तिकडे अवशेषांबद्दल जेवढी जागरूकता आली तेवढी दुसऱ्या कुठल्या पिकात क्वचितच असेल. युरोपला माल पाठवायचा तर बाग ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंदवावी लागते, काढणीआधी त्या प्लॉटचा नमुना लॅबमध्ये जातो, पुण्याजवळच्या मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली लॅब या सगळ्या कामात देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. लोकल मार्केटच्या मालाची अशी प्लॉटवार तपासणी होत नाही, पण एक्स्पोर्टच्या बागेतला साइजमध्ये न बसलेला माल लोकललाच येतो, आणि भाऊजींची बाग एक्स्पोर्टची असेल तर तुमच्या पेटीतली द्राक्षं मॉलमधल्या द्राक्षांपेक्षा जास्त तपासलेली असायची शक्यता आहे.

तेव्हा फोन करा. "तुमच्या द्राक्षांत विष असतं का" असं नाही विचारायचं, त्यांनी आणखी दुखावून घेऊ नये. असं म्हणा, "भाऊजी, माझं चुकलं, पेटी मी मावशींना दिली, पोरीच्या काळजीने दिली. मला जरा समजावून सांगा ना, शेवटची फवारणी कधी होते, कशाची, तिचा पीएचआय किती, आणि तुमच्याकडे रेसिड्यूचा रिपोर्ट असतो का?" बागायतदार माणसाकडे फवारणीची वही असतेच, त्यांना हे प्रश्न नवे नाहीत, घरातल्या कोणी विचारावेत हे मात्र नवं असेल. घरच्यासाठी शेवटच्या फवारणीला पूर्ण दिवस झालेले घड ठेवा म्हटलंत तर आनंदाने ठेवतील. आणि जमलं तर पुढच्या सुट्टीत मुलीला बागेत घेऊन जा.

त्यांना आणखी एक विचारा, फवारताना तोंडाला-अंगाला काय घालता, गड्यांना काय देता. आपण ताटात उरलेल्या अंशाची चर्चा करतो पण औषधाचा सगळ्यात मोठा डोस फवारणाऱ्याच्या अंगावर जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. ती माणसं कोणाची तरी भाऊजीच होती. फवारणी कमी व्हावी असं आपल्याला वाटतं ते आपल्या मुलीसाठी वाटतं तसं त्यांच्यासाठीही वाटायला हवं, आणि दिवस पाळणाऱ्या शेतकऱ्याला किलोमागे चार-पाच रुपये जास्त द्यायची आपली तयारी हवी, नाहीतर तो दोन तोडे कशाच्या जोरावर सोडेल?

हे सगळं ज्यांना भाऊजी नाहीत त्यांनाही करता येतं. पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार बऱ्याच शहरांत भरतात, तिथे विकणारा खरंच शेतकरी आहे का हे दोन प्रश्नांत कळतं, "तोडा किती दिवसांनी करता" आणि "शेवटचं औषध कुठलं मारलं". खरा शेतकरी सांगतो, नुसता विकणारा "एकदम ऑरगॅनिक आहे मॅडम" म्हणतो. तुमच्या सोसायटीत दहा-बारा घरं तयार असतील तर एकाच शेतकऱ्याकडून आठवड्याची भाजी ठरवून घ्या आणि सीझनला एकदा एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून त्यातल्या एखाद-दुसऱ्या भाजीची मल्टी रेसिड्यू टेस्ट (एकाच वेळी अनेक कीडनाशकांचे अवशेष शोधणारी) करून घ्या. खर्च काही हजारांत जातो, एका घराला जड, दहा घरांत वाटला तर नाही. दुकानातल्या मालाबद्दल शंका असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला फी भरून नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, पण तसं करताना विक्रेत्याला माल विकत घेतानाच सांगावं लागतं, आणि बिल असलेलं बरं, म्हणून भाजीचंही बिल मागायची सवय लावा. मशीनचे पैसे वाचतीलच, ते या टेस्टला वापरा आणि रिपोर्ट आला की त्याची एक कॉपी त्या शेतकऱ्यालाही द्या, पुढच्या तोड्याला त्याच्या कामाला येईल.